न रंगवलेली घरं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या चौकात, तुळशीसमोरच्या भिंतीवर, आता एक पोर्तुगीज गाव आहे. पाच टाइल्स रुंद आणि सात उंच, म्हणजे एकूण 35. खाली समुद्र, मधे कडा आणि कड्याच्या काठावर एकमेकांना धरून बसलेली पांढरी घरं. माती लाटायला घेतली ती जुलैत, आणि गाव भिंतीवर चढलं ते मार्चमध्ये. टाइलवर चित्र काढायचं मनात असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

लेक लिस्बनला शिकते. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. एका रविवारी रोसियु स्टेशनवरून सिंत्राची गाडी पकडली आणि पुढे बसने अझेन्यास दु मारला गेलो. नावाचा अर्थ ‘समुद्राच्या पाणचक्क्या’. गावातून एक ओढा समुद्राकडे उतरतो. बसमधून उतरून वळणावर आलं की समोर अख्खं गाव एका नजरेत दिसतं. सरळसोट कडा, त्याचे आडवे थर जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखे, वर अगदी कडेपर्यंत घरं आणि पायथ्याशी खडकात बांधून काढलेला तलाव. अटलांटिकच्या लाटा त्याच्या भिंतीवरून आत येतात. मी अर्धा तास कठड्याशी उभी होते. ह्यांनी दोनदा हाक मारली तरी हलले नाही.

दोन दिवसांनी लेकीने टाइल्सचं राष्ट्रीय संग्रहालय दाखवलं. मद्रे द देउश नावाच्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये ते आहे. तिथे लिस्बन शहराचं एक लांबलचक चित्र आहे, सुमारे 23 मीटर लांब, साधारण 1300 टाइल्सचं. ते 1700च्या आसपासचं आहे, म्हणजे 1755च्या भूकंपात शहर कोसळण्याच्या आधीचं. जे वाडे, चर्चेस आणि धक्के भूकंपाने नेले ते त्या टाइल्सवर उभे आहेत. लोक लांबून बघत पुढे सरकत होते. मी जवळ गेले, आणि मला जे दिसलं त्यापायी पुढचं सगळं घडलं. घरांच्या भिंती रंगवलेल्याच नव्हत्या. सावलीची बाजू निळी, खिडक्या निळ्या, कौलांची रेघ निळी, आणि उजेडाची भिंत म्हणजे नुसतं पांढरं ग्लेझ, टाइलवरचा काचेसारखा थर. चित्रकाराने तिथे कुंचला नेलाच नव्हता.

या टाइल्सना तिकडे अझुलेजु म्हणतात. ‘अझुल’ म्हणजे निळा, म्हणून नाव निळ्यावरून आलं असं मीही धरून चालले होते. पण शब्द मूळचा अरबी आहे, घासून गुळगुळीत केलेल्या छोट्या दगडाला म्हणत तो. पांढऱ्या अपारदर्शक ग्लेझवर थेट चितारायची रीत तिथे सोळाव्या शतकात रुजली. ग्लेझ पांढरं होतं ते कथिलाच्या ऑक्साइडमुळे. खालची माती लाल असो की पिवळी, वर कोऱ्या कागदासारखं पांढरं मिळतं.

बडोद्याच्या माणसाला टाइल, मोझेक या गोष्टी नव्या नाहीत. लक्ष्मीविलास पॅलेसच्या दरबार हॉलची व्हेनिशियन मोझेकची जमीन मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा पाहिली. आमच्याच देवघराच्या मागे सहा जपानी टाइल्स आहेत, उठावाच्या गुलाबांच्या. सासऱ्यांच्या वडिलांनी बसवलेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अशा टाइल्स जपानहून जहाजं भरभरून हिंदुस्थानात येत. रोज त्यांच्यासमोर निरांजन लावत होते, पण त्या कशा केल्या असतील हा प्रश्न मला लिस्बनहून परतल्यावर पडला.

फाइन आर्ट्समधून शिकून बाहेर पडलेल्या एक बेन अकोट्यात सिरॅमिकचा स्टुडिओ चालवतात. त्यांच्याकडे मोबाइलमधला फोटो घेऊन गेले. त्यांनी आधी सोपा रस्ता सांगितला. मोरबीच्या तयार पांढऱ्या टाइल्स आणा, त्यावर ओव्हरग्लेझ रंगांनी काढा, 750 ते 800 अंशांवर भाजा. चुकलं तर भाजण्याआधी पुसून टाका. पुष्कळ जण तसं करतात आणि छानही दिसतं. पण त्यात रंग वर बसतो. मी पाहिलेला निळा ग्लेझच्या आत होता, कडेला किंचित विरघळलेला, पाण्यात शाई सोडल्यासारखा. तो हवा असेल तर कच्च्या ग्लेझवर रंगवायचं आणि ग्लेझ व रंग एकत्र वितळू द्यायचे, दुसरा उपाय नाही. बेन म्हणाल्या, “मग माती लाटण्यापासून सुरू करा. पण ताई, उतावळ नहीं करवानी.” घाई करायची नाही.

माती थानची. सुरेंद्रनगर जिल्ह्यातलं थान म्हणजे आपल्याकडचं चिनी मातीच्या धंद्याचं जुनं गाव. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळायचा, ग्रॉग म्हणतात त्याला. त्याने टाइल वाकायचं प्रमाण कमी होतं. मग मळायचं आणि दोन बाजूंना एक-एक सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटायचं. पोळी लाटणाऱ्या हाताला हे लगेच जमेल असं वाटतं, पण इथे नियम वेगळा आहे. पोळीसारखं फिरवत लाटलं तर हरकत नाही, पण दाब एकाच दिशेने पडता कामा नये. मातीला लाटल्याची आठवण राहते. ज्या बाजूला ती ओढली गेली, वाळताना आणि भाजताना ती तिकडे वाकते. म्हणून दर थोड्या वेळाने उलटायची, दिशा बदलायची, शेवटी पट्टीने पृष्ठभाग दाबून घ्यायचा.

ही माती ओल्यापासून भाजेपर्यंत साधारण 10 टक्के आकसते. 14 सेंटिमीटरची टाइल हवी म्हणून 15.5ची कापली. 35 लागणार होत्या, बेननी 42 करायला लावल्या. जुलै होता, पावसाची दमट हवा. मला ती गैरसोय वाटत होती, पण तीच उपयोगी पडली. टाइलच्या कडा मधल्या भागाआधी वाळल्या की कोपरे पापडासारखे वर उचलले जातात. प्लास्टर बोर्डच्या दोन फळ्यांमध्ये दाबून, रोज पालथ्या करत, अडीच आठवडे वाळवल्या. तरी तीन वाकल्या. पहिल्या भाजणीत, म्हणजे 1000 अंशांच्या बिस्कमध्ये, एक तडकली. हाती आल्या 38. फिकट बदामी, ठोकलं की टणत्कार होणाऱ्या आणि जीभ लावली तर चिकटणाऱ्या.

सप्टेंबर रंगांच्या चाचण्यांत गेला, आणि हा भाग मला सगळ्यात अवघड गेला. इथे डोळ्यावर विश्वास ठेवता येत नाही. कोबाल्ट कार्बोनेट पाण्यात कालवलं की जांभळाच्या सरबतासारखं दिसतं. भट्टीतून ते निळं होऊन येतं. लोहाचा गंज कौलांसाठी, मँगनीज बाह्यरेषेसाठी आणि खडकाच्या थरांच्या फटींसाठी, तांबं झुडपांच्या हिरव्यासाठी. सगळ्यात थोडं फ्रिट, म्हणजे दळलेली काच, रंग नीट वितळावा म्हणून. ही पूड नाकात जाऊ द्यायची नाही. मास्क लावल्याशिवाय बेन डबे उघडू देत नसत, आणि ते बरोबरच आहे. मी 12 पट्ट्या रंगवल्या, पातळ ते घट्ट. सगळ्यात घट्ट कोबाल्ट निळा राहिलाच नाही, काळा पडला आणि धातूसारखा चमकला. मला आवडलेला समुद्र सातव्या पट्टीवर होता, आणि रंगवताना ती पट्टी इतकी फिकट वाटली होती की मी ती जवळजवळ टाकूनच दिली होती. त्या पट्ट्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. पुढचे दोन महिने रंगवताना मी समोरच्या ओल्या रंगाकडे बघत नव्हते, त्या भाजलेल्या पट्टीकडे बघत होते.

मग नवरात्र आलं. नवरात्रात बडोद्यात दुसरं काही होत नाही, होऊही नये. पाठोपाठ दिवाळी. टाइल्स त्या काळात आमच्याच घरी होत्या, खोक्यात, पण वर झाकण नव्हतं. याचा परिणाम पुढे दिसला.

नोव्हेंबरमध्ये पूर्ण मापाचं रेखाटन केलं, 70 बाय 98 सेंटिमीटर, आणि त्यावर टाइल्सच्या रेघा आखल्या. बेननी ते पाहिलं आणि पहिलंच बोट क्षितिजावर ठेवलं. माझं क्षितिज बरोबर पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या सांध्यावर आलं होतं. सांध्यात ग्राउट भरला की तिथे समुद्र आणि आकाश यांच्यामध्ये सिमेंटची रेघ दिसेल. क्षितिज तीन सेंटिमीटर खाली घेतलं. तलावाच्या भिंतीचा कोपराही सांध्यावरून हलवला. सांधा मोठ्या आकारांच्या पोटातून जावा, टोकांवरून आणि कोपऱ्यांवरून जाऊ नये. हे एकदा कळल्यावर संग्रहालयातल्या चित्राचे फोटो मी पुन्हा काढून बघितले. हजारो सांधे असूनही डोळा एकाही ठिकाणी अडत नाही.

रेखाटन टाइलवर उतरवायची रीत आपल्या ओळखीची निघाली. भरतकामवाले साडीवर खाका टाकतात तीच. ट्रेसिंग पेपरवरच्या रेघांवर सुईने भोकं पाडायची, कागद टाइलवर धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून अलगद टेकवत जायची. खाली ठिपक्यांची रेघ उमटते. कोळसा भट्टीत जळून जातो, मागे काही राहत नाही. सुईचं काम सासूबाईंनी केलं. त्यांना 82 वर्षं झाली, पण हात स्थिर आहे. दुपारी चष्मा लावून, कागदाखाली जुनं घोंगडं घेऊन, त्यांनी चार दिवसांत अख्खं गाव टोचून काढलं.

ग्लेझ दाट ताकासारखं लागतं. टाइल पालथी धरून दोन-तीन सेकंद टेकवायची आणि उचलायची. मिनिटभरात पाणी आत शोषलं जातं आणि वर पांढऱ्या पुडीचा थर उरतो. बोट लागलं तरी निघतो. त्या थरावर रंगवणं म्हणजे टीपकागदावर दौतीतल्या शाईने लिहिणं. कुंचला टेकला की पाणी आत गेलं. रेघ थांबली तर तिथे डाग, आणि खोडायची सोय नाही. लांब केसांचा, भरपूर पाणी धरणारा कुंचला घ्यायचा आणि रेघ खांद्यातून ओढायची, मनगटातून नाही. पहिल्या दिवशी मी फक्त आकाशाच्या दोन टाइल्स केल्या आणि घरी आले तेव्हा मान अवघडली होती.

घरांपाशी आले आणि हात थांबेना. घर दिसलं की भिंत रंगवावी असं हाताला वाटतंच. कागदावर आयुष्यभर तसंच काढलं आहे. दोन घरांवर मी पांढऱ्याचा पातळ हात फिरवायला निघाले होते, बेननी कुंचला धरला. “पांढरं आहेच. तुम्ही फक्त त्याच्या शेजारी काय आहे ते काढा.” मग मी घरं काढायची सोडून दिली. शेजारच्या घराची पडलेली सावली काढली. कौलांची कड काढली. दरवाज्याचा अंधार काढला. बोळातली निळसर हवा काढली. मधे जे उरलं ते घर झालं. एका टाइलवर सहा घरं आहेत आणि त्यांच्या भिंतींना मी एकदाही कुंचला लावलेला नाही. घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या विचार करून म्हणाल्या, “रांगोळीचं उलटं आहे गं. आपण काळ्या जमिनीवर पांढरं घालतो. इथे पांढऱ्या जमिनीतून पांढरं सोडायचं.” इतकं नेमकं मला नऊ महिन्यांत दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

भट्टीत एका वेळी जेमतेम वीस टाइल्स मावत होत्या. दोन भाजण्यांत निळा थोडा तरी वेगळा येतोच. म्हणून वाटणी ओळींनुसार केली नाही, चित्रानुसार केली. समुद्राच्या सगळ्या 18 टाइल्स एका भाजणीत, बाकीच्या 17 दुसऱ्या. फरक आला तर तो पाणी आणि जमीन यांच्यात यावा, पाण्याच्या मधोमध नाही. 1040 अंशांपर्यंत चढायला दहा-अकरा तास लागले, आणि पूर्ण निवायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. 573 अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचा आकार एकदम बदलतो. निवताना त्या टप्प्यावर झाकण उघडून गार वारा आत घेतला तर टाइल तडकू शकते. बेनच्या भट्टीजवळ भिंतीवर 100 हा आकडा मोठा लिहून ठेवलेला आहे, त्याच्या खाली काटा आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

पहिली भाजणी उघडली आणि समुद्र होता. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. जांभळं सरबत गेलं होतं आणि सातव्या पट्टीचा निळा खालपासून वरपर्यंत भरला होता.

मग टाइल्स उलटून पाहिल्या. मागे क्रमांक घालताना बेननी सांगितलं होतं की लोहाच्या रंगाने घाला. वरच्या चार ओळींना मी तसे घातले. खालच्या तीन ओळींच्या वेळी संध्याकाळ झाली होती, रंगाचा डबा धुऊन ठेवला होता, म्हणून पेन्सिलने घातले. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते भट्टीत जळून जातं. 15 टाइल्स मागून कोऱ्या. तलाव आणि खडक असलेल्या पाच लगेच लागल्या. उरलेल्या दहांवर फक्त लाटा, आणि मी घेतलेल्या फोटोंमध्ये ओल्या रंगाच्या रेघा धड दिसत नव्हत्या.

त्या दहा टाइल्स माजघरात सतरंजीवर मांडल्या. मी कडांवरच्या रेघा जुळवत होते, आणि दोन-तीन ठिकाणी दोन वेगवेगळ्या टाइल्स सारख्याच बसत होत्या. सासूबाई पाटावर बसून बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, “तुझी रेघ डावीकडे जाड सुरू होते आणि उजवीकडे बारीक होत जाते. कुंचला कुठे पुन्हा भरलास ते बघ.” खरंच तसं होतं. मी प्रत्येक लाट सलग चार-पाच टाइल्सवरून ओढली होती. कुंचला भरल्यानंतरची पहिली टाइल गडद आणि पुढच्या क्रमाने फिकट. तो क्रम लागला आणि अर्ध्या तासात समुद्र जुळला. क्रमांक मी तिथेच बसून मागे पक्के घातले, सासूबाईंच्या देखरेखीखाली.

दुसरी भाजणी उघडल्यावर 12 क्रमांकाची टाइल बिघडलेली निघाली. तिसऱ्या ओळीतली दुसरी, नेमकी दाट घरांची. अंगठ्याएवढ्या जागेवरून ग्लेझ आक्रसून बाजूला गेलं होतं आणि खालची बदामी माती उघडी पडली होती. भाजलेल्या टाइलला धूळ किंवा तेलकट बोट लागलं की त्या जागी ग्लेझ धरत नाही. वितळताना अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होतं. दिवाळीत चकल्या तळताना त्याच खोक्यातून मी कुणाला तरी टाइल काढून दाखवली होती. ग्लेझ द्यायच्या आधी सगळ्या ओल्या स्पंजने पुसल्या होत्या, पण तेल तेवढ्याने निघत नाही.

बेन म्हणाल्या, राहू द्या, हाताचं काम आहे. मला ते पटलं नाही. त्या जागी एक घर होतं आणि ते पांढरंच हवं होतं. शिल्लक तीन टाइल्सपैकी एक घेतली, साबणाने धुतली, वाळवली आणि ग्लेझ दिलं. मग शेजारच्या भाजून झालेल्या चार टाइल्स चारही बाजूंना ठेवल्या आणि त्यांच्या कडांवरून रेघा आत घेत गेले. जानेवारीत दुसऱ्या कुणाच्या तरी कपबश्यांबरोबर ती भाजली गेली. कौलांचा रंग शेजारच्यांपेक्षा किंचित उजळ आला आहे. कुठली टाइल ते माहीत असेल तरच कळतं.

बसवायला कडिया, म्हणजे गवंडी, बोलावला. भिंतीला ओल आहे का ते आधी तपासलं, जुना गिलावा खरवडून नवा केला आणि तो महिनाभर वाळू दिला. कडियाला 3 मिलिमीटरचे सांधे हवे होते, कारण हाताने केलेल्या टाइल्स सगळ्या एका मापाच्या नसतात. मी 2वर अडून बसले. शेवटी मोठ्या निघालेल्या चार टाइल्सच्या कडा त्याने घासून दिल्या. ग्राउट पांढरा नको हे मी आधीच ठरवलं होतं. पांढरा घातला असता तर समुद्रावर जाळी दिसली असती, आणि घरांचं पांढरं आणि सांध्याचं पांढरं एक झालं असतं. वाळूच्या रंगाचा फिकट राखी घातला. कड्याच्या थरांत तो मिसळून जातो.

काम संपल्यावर कडिया ओलं फडकं हातात घेऊन मागे सरकला आणि विचारलं, “बेन, आ क्यांनुं गाम छे?” मी सांगितलं. मग तो जवळ आला आणि 12 क्रमांकाच्या टाइलवरच्या एका भिंतीवर फडकं घासू लागला. तिथे रंग लागायचा राहिला आहे असं त्याला वाटलं होतं.